सरांचा गुडघा आणि सोमनाथचा कॅमेरा

चार पंच एका टपरीवर बसले की किस्से निघतातच. मैदानावर आम्हाला सगळे बोलतात आणि आम्हाला कुणालाच उलट बोलता येत नाही. मग ते सगळं आत साठतं आणि चहाबरोबर बाहेर पडतं. नगरच्या आम्हा फुटबॉल पंचांचं हे वर्षानुवर्षं असंच चाललंय. फरक पडला तो गेल्या सीझनपासून. पूर्वी किस्सा संपला की आम्ही टेबल वाजवून हसायचो. आता किस्सा संपला की कुणीतरी कप खाली ठेवतं आणि म्हणतं, "चला, निघू या."

आधी माणसं सांगतो. मी दिलीप. पतसंस्थेत काउंटरवर बसतो आणि रविवारी झेंडा घेऊन लाईनवर पळतो. माझ्या समोरच्या लाईनवर शेखभाई, एरवी स्वतःच्या गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपलेले असतात. आणि आमचे मुख्य पंच थोरात सर. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले, मूळचे नेवाशाकडचे. डोळे घारीचे, पण उजवा गुडघा पार गेलेला. बॉल पुढे जातो आणि सर मागून येतात.

त्यावरूनच ओरड सुरू झाली. मग संघटनेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या नानांनी, जाहीर करून टाकलं : यंदा व्हिडिओ! टीव्हीवरच्या मॅचला असतो तसा! शंका आली की पंचांनी लॅपटॉपवर बघायचं आणि निर्णय द्यायचा. शिवाय सीझन संपताना तेच शूटिंग बघून ठरवायचं, की सरांकडे शिट्टी ठेवायची का नाही.

सर एवढंच म्हणाले, "शिट्टी गेली तर रविवारी मी करू काय? घरात बसून भिंतीला फाऊल देऊ?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

*

टीव्हीवरचे पंच व्हिडिओ बघायचा असला की हवेत बोटांनी चौकोन काढतात. आमच्या पोरांनी खेळ सोडून तेवढंच उचललं! संगमनेरच्या पहिल्याच मॅचला त्यांचा कॅप्टन थ्रो-इनला चौकोन काढतोय, कॉर्नरला चौकोन काढतोय. सरांनी त्याला जर्सी आत खोचायला सांगितली, तर त्यावरही चौकोन!

सर लंगडत त्याच्याजवळ गेले. "आरं, किती खिडक्या पाडशील? एवढं वारं कशाला लागतंय तुला?"

संध्याकाळी टपरीवाला म्हणाला, चहात साखर बरोबर आहे. शेखभाईंनी लगेच चौकोन काढला.

*

शूटिंगला सोमनाथ होता. सोमनाथ लग्नाचं शूटिंग करतो, आणि सवय काही जात नाही. पहिला वाद पेनल्टीचा झाला. बॉल हाताला लागला की नाही? आम्ही सगळे मांडवातल्या टेबलाभोवती जमलो. लॅपटॉप उघडला. पडद्यावर प्रमुख पाहुणे हसतायत, त्यांच्या मिसेस पदर सावरतायत, दोन पोरं भेळ खातायत. मागून नुसताच आरडाओरडा, "हँड! हँड!"

नाना तापले. "सोमनाथ, फाऊल कुठंय?"

"साहेब, पाहुणे सुटले तर लोक नंतर नावं ठेवतात."

नानांनी त्याला चांगलाच झापला. यापुढे कॅमेरा हलवायचा नाही! उंचावर ठेवायचा, अख्खं मैदान दिसलं पाहिजे, आणि चालू केला की हात लावायचा नाही. सोमनाथने ते मनापासून ऐकलं. तेव्हापासून मॅच सुरू झाली की तो खाली येऊन लॅपटॉपच्या टेबलापाशी बसायचा आणि वर कॅमेरा एकटाच बघत असायचा.

*

व्हिडिओवरून टपरीवर रोज भांडण. शेखभाईंचं म्हणणं, चूक सुधारता येत असेल तर सुधारावी, त्यात लाज कसली? सरांचं म्हणणं, पंच चुकतो म्हणून लोक त्याला शिव्या देतात आणि घरी जाऊन जेवतात. मशिनला शिव्या कोण देणार? मी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणायचो. काउंटरवर बसून ती सवय लागलीय.

पण एका मॅचला मला सरांचं पटलं. नगरच्या स्ट्रायकरने असला कडक गोल मारला की जाळी फाटायची बाकी राहिली! घरचं मैदान, गच्च गर्दी. आणि कुणी ओरडलंच नाही. एक टाळी नाही, एक शिट्टी नाही. मैदानावरच्या सगळ्या माना एकदम टेबलाकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या. स्ट्रायकर हात अर्धे वर करून उभा. त्याची आई पहिल्या रांगेत होती, तीसुद्धा पोराकडे न बघता टेबलाकडे बघत होती.

सोमनाथने मान हलवून गोल ठीक असल्याचं सांगितलं. तरीही आवाज आला नाही. लोक हळूहळू पुन्हा मैदानाकडे वळले, एवढंच.

सर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "दिल्या, मयताला आल्यासारखं वाटतंय रं." मला खरंच भीती वाटली होती.

*

शेखभाई व्हिडिओच्या बाजूचे. त्यांना वाटायचं, आपला झेंडा किती अचूक आहे ते आता जगाला कळेल. आणि कळलंच! एका ऑफसाईडवर वाद झाला, सोमनाथने चित्र एकेक करत पुढे सरकवलं. ऑफसाईड शंभर टक्के बरोबर. नाना खूश झाले आणि मग एकदम पडद्याकडे वाकले.

ऑफसाईडचा झेंडा पास सुटल्यावर वर करायचा असतो, आणि इथे पास द्यायच्या आधीच शेखभाईंचा झेंडा वर गेलेला! देणाऱ्याचा पाय अजून मागेच आहे, बॉल जमिनीवर शांत पडलाय आणि इकडे झेंडा ताठ.

जुनं शूटिंग काढलं. दर वेळी तेच. आधी झेंडा, मग पास.

"शेखभाई, हे कसं काय?" नानांनी विचारलं.

सरांनी मध्येच तोंड घातलं, "उशीर झाला तर बोंब, लवकर झालं तरी बोंब! पंचानं करायचं तरी काय?"

शेखभाई मात्र पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिले. म्हणाले, "मी उचलत नाही हो. तो वर गेला की मग मला कळतं."

पुढच्या रविवारी त्यांचा झेंडा वर गेला आणि पास आलाच नाही. ज्याच्या पायात बॉल होता त्या पोराने झेंड्याकडे बघितलं, बॉल तिथेच सोडला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. बोलावलं तरी उठेना. शेखभाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

नेवाशाला नदीकडच्या मैदानावर मॅच होती. कॅमेरा शाळेच्या गच्चीवर ठेवला होता. मॅच झाल्यावर सोमनाथ शूटिंग भराभर पुढे पळवत होता आणि अचानक म्हणाला, "सर, हे बघा की."

उजव्या कॉर्नरच्या अलीकडे एक जागा होती. नुसती जमीन. खड्डा नाही, दगड नाही, गवतही इतर ठिकाणी होतं तेवढंच. पण त्या जागेवरून कुणीच जात नव्हतं. बॉलमागे सुसाट निघालेला पोरगा तिथे आला की वळसा घालून पुढे जायचा. दोन्ही टीमचे बाविसच्या बावीस! वाटेत कुणी बसलेलं असलं की आपण बाजूने जातो ना, तसं.

सरांनी तिथल्या कॅप्टनला बोलावलं. "तिथनं का जात न्हाई रं तुमी?"

"कुठनं?"

त्याला पडद्यावर दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मी तर सरळच पळतोय की."

सरांना असलं काही खपत नाही. "थांबा, मी जाऊन दावतो!" ते लंगडत निघाले. सोमनाथने गच्चीवरून शूटिंग केलं, आम्ही खाली उभे. सर कॉर्नरपर्यंत गेले, परत आले, कपाळ पुसलं. "गेलो का न्हाई सरळ? काय हाय तिथं? काय बी न्हाई!"

सोमनाथ खाली आला आणि त्याने कॅमेरा सरांच्या हातात दिला. जाताना वळसा. येताना वळसा. येताना तर सरांनी मान जराशी झुकवली होती, ओळखीच्या माणसाला झुकवतो तशी.

सरांनी कॅमेरा परत दिला आणि गाडीत जाऊन बसले. तिथून जाऊन बघायला मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

*

आणि फायनल. नगर विरुद्ध संगमनेर. नाना सकाळीच सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "आज सर बॉलपाशी पोचतायत का, एवढंच मी बघणार." सर गुडघ्याला बाम चोळून त्यावर पट्टी बांधत बसले. सरांची शिट्टी राहावी असं मला मनापासून वाटत होतं. झेंडा धरायला मला सरांनीच शिकवलंय.

दुसरा हाफ, गोल नाही. कॅमेरा पॅव्हेलियनच्या छतावर. नगरच्या पोरांनी बॉल हिसकावला आणि पलीकडच्या गोलकडे धूम ठोकली. खेळ माझ्या बाजूचा नव्हता, म्हणून मी मध्यरेषेपाशी थांबलो होतो. सर मागून निघाले, चार पावलं पळाले आणि गुडघा अडकला. ते तसेच माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार माझ्यावर. बामाचा वास आला.

"थांब जरा, दिल्या."

तिकडे बॉल आडव्या बारला लागला, खाली पडला आणि कीपरने बाहेर काढला. त्या टोकाला शेखभाई होते, पण मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर. त्यांचा झेंडा खालीच राहिला.

"आत गेला," सर माझ्या कानाशी म्हणाले. शिट्टी वाजवली आणि गोल दिला.

संगमनेरचा कीपर तिथून धावत आला. "पंच तिथं न्हवतेच! हितं लाईनवाल्याच्या खांद्याला धरून हुते! हितनं काय दिसतंय त्यास्नी?"

नानांनी आमच्याकडे बघितलं. सरांचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता. तो त्यांनी हळूच काढला.

सगळे टेबलापाशी आले. मला विचारलं तर काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. सोमनाथने क्लिप लावली. बॉल बारला लागला आणि रेषेच्या आत पडला. स्वच्छ, हातभर आत.

आणि गोलपोस्टच्या शेजारी सर होते.

तीच काळी जर्सी, तेच टक्कल. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, खाली वाकून, नजर रेषेवर. सरांचा गुडघा वाकत नाही, हे नगरमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मध्यरेषेपाशी मी होतो. एकटा. माझा एक खांदा खाली दबलेला.

"अहो, सर तर जागेवरच आहेत!" नाना जवळजवळ ओरडलेच. कीपर पडद्याकडे बघत मागे सरकला आणि खाली बसला. "मी बघितलं हुतं," एवढंच म्हणत राहिला. शेखभाई माझ्याकडे बघत होते. मी नजर चुकवली.

"मागं घे," सर सोमनाथला म्हणाले.

सोमनाथने मागे घेतलं. बॉल नगरच्या पोरांनी हिसकावला तिथून. पडद्यावरचे सर बॉलच्या बरोबरीने धावत होते. लांब ढांगा, छाती पुढे, कुठे लंगडणं नाही. मी पहिल्यांदा झेंडा हातात घेतला तेव्हा सर तसे धावायचे. मला एकदम रडू आलं.

"परत," सर म्हणाले. सोमनाथने परत दाखवलं.

सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवली.

"सर, हे काय?" नाना गडबडले. "गोल बरोबर ठरला! तुमची शिट्टी पक्की झाली!"

सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"माझी कशी, नाना? बॉलपाशी तो पोचला, मी न्हाई. शिट्टी त्याला द्या."