सूर तोच, वेग कमी

अमरावतीत रफिकभाईचा छोटासा स्टुडिओ आहे. मी तिथं तबला वाजवतो. किस्से शोधायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. रेकॉर्डिंगला येणारा प्रत्येक जण चपलांसोबत एखादा दाराशी सोडूनच जातो!

रफिकभाईची खासियत एकच. गाण्याचा वेग बदलेल, पण सूर हलू देणार नाही.

*

मूर्तिजापूरच्या एक डान्स टीचर आल्या. गॅदरिंगसाठी सहा मिनिटांचं गाणं चार मिनिटांत हवं होतं. मोबाईलवर वेग वाढवला तर गायिका उंदरासारखी चिरकायला लागली म्हणे. रफिकभाईनं काम चोख करून दिलं.

आठ दिवसांनी फोन. "भाऊ, गाणं झकास झालं. आता पोरींचाबी स्पीड वाढवून देता का?"

*

देशपांडे गुरुजींनी माझं लग्न लावलं. त्यांची मंगलाष्टकं आमच्याकडेच रेकॉर्ड झालेली. अंजनगावचे एक वरपिता ती जोरात पळवून मागत होते. "पंगत खोळंबते ना जी!"

गुरुजी भडकले. "मंगलाष्टकं हायेत का बसस्टँडवरची अनाउन्समेंट?"

*

गेल्या वर्षी गुरुजींना लकवा मारला. जीभ जड झाली. नातीचं लग्न सहा महिन्यांवर आलेलं आणि ते आपणच लावायचं, हा त्यांचा हट्ट! डॉक्टर म्हणाले, रोज हळूहळू म्हणायचा सराव करा. पण हळू म्हणून दाखवणार कोण?

रफिकभाईनं गुरुजींचंच जुनं रेकॉर्डिंग काढलं. पहिल्यांदा घाईत नुसता वेग कमी केला, तर सूरही खाली गेला. गुरुजींनी ऐकलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "काहून रे... मले राक्षस... बनवून राहिला?"

आम्ही हसलो. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकूंनी मात्र हात जोडले. आजारानंतरचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं!

*

मग सूर तोच ठेवून वेग साठ टक्क्यांवर आणला. गुरुजी स्वतःच्याच आवाजामागून म्हणायचे. दर सोमवारी रफिकभाई पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि दोन टक्के वाढवायचा. एकदा काकू दारातच म्हणाल्या, "आज एकच वाढव बाबा. काल लई चिडले."

मी तबलजी, लय वाढवायची मला भारी घाई. दोन-दोन टक्क्यांचा धीर मी या माणसाकडून शिकलो. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

*

लग्न अकोल्यात होतं. साउंड रफिकभाईचा. वेळ आलीच तर म्हणून जुनं रेकॉर्डिंग लावून ठेवलेलं, बटणावर बोट.

गुरुजींनी माइक घेतला. सगळी मंगलाष्टकं पार पडली. शेवटच्या "शुभमंगल"पाशी मात्र शब्द अडला. अख्खा मांडव अक्षता मुठीत धरून थांबला. नवरदेवाचा मामा हातवारे करायला लागला, "लावा ना रेकॉर्डिंग!"

रफिकभाईनं बटणावरचा हात काढला आणि खिशात घातला. "थांबा जी. येऊन राहिला शब्द."

"सा... व... धान!"

अक्षतांचा पाऊस पडला. गुरुजींनी घाम पुसला आणि मागे वळून विचारलं, "रफिक... कितीवर... होतो मी?"

"शंभरवर, गुरुजी! पुरे शंभर टक्के!"