याडीची भिंत

माझा स्वभाव तापट, हे मला कुणी सांगायला नको. पण ज्या दिवशी तापायला हवं होतं, त्या दिवशी मी मुकाट सही केली.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. हवामान बदलतंय म्हणजे पावसाचं नेमकं काय होतंय, याचा मी अभ्यास करत होते. सेनगावात धो धो कोसळायचा आणि जवळच्या बंजारा तांड्यावर टिपूस नाही. सरकारी पर्जन्यमापक मात्र तालुक्याच्या गावी, म्हणजे सेनगावात. म्हणून मी तांड्यावर एक बसवला. रोज सकाळी मोजायचं काम एका म्हातारीनं अंगावर घेतलं. तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला याडीच म्हणू लागले. तिला लिहिता येत नव्हतं. मोजपात्रात पाणी जितक्या खुणा चढेल तितक्या रेघा ती घराच्या भिंतीवर कोळशानं ओढायची. कोरड्या दिवशी चुन्याचा ठिपका. महिन्याला मी जीपनं जाऊन सगळं वहीत उतरवून घ्यायची.

दिवाळीला अख्खा तांडा घरं रंगवायचा. याडीची ती भिंत तशीच. लेकीच्या लग्नातही तिनं कुणाला हात लावू दिला नाही. व्याही हसले. "हसू द्या की. माह्या ताईचं काम हाय," ती घरच्यांना म्हणाली. ताई म्हणजे मी.

काही वर्षांनी अहवाल झाला. माझे सर, त्यांना मी वडिलांच्या जागी मानत होते, त्यांनी तांड्याचं प्रकरणच उडवलं. "अडाणी बाईच्या रेघा विज्ञानात चालत नाहीत. तालुक्याचे आकडे घे. पुढच्या वेळी तुझं घालू." पुढची वेळ कसली आलीय डोंबलाची! पण मी सही केली.

त्या उन्हाळ्यात तांड्याचा टँकर बंद झाला. लोक हिंगोलीला जिल्हा कचेरीत विचारायला गेले, तर तिथल्या साहेबांनी माझाच अहवाल पुढं केला. पाऊस समाधानकारक. मी सरांना फोन केला. "सही तुझी आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. वा रे वा! इतकी वर्षं ज्यांच्या पाया पडले, ते हे.

तशीच तांड्यावर गेले. याडी भिंतीला चुना लावत होती.

"याडी, थांब गं!"

"काहून थांबू? तुझ्या कागदात आमच्याकडं पानी पडलं म्हनं. मंग ह्या रेघा कशाला ठेवू?"

मला रडू फुटलं. तिचा हात थांबला नाही.

सोमवारी मी कामावर गेले नाही. हिंगोलीत त्याच कचेरीपुढं बसले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि वहीतला एकेक दिवस मोठ्यानं वाचला. अहवाल खोटा आहे आणि त्यावर सही माझी आहे, हेही सांगितलं. तांड्यातली माणसं रिकामे हंडे घेऊन आली होती. साहेब बाहेर आले. "हे मोजलं कुणी?"

याडी पुढं झाली. "म्या. रोज."

टँकर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मी तिचा हात धरायला गेले. तिनं पदरात बांधलेलं मोजपात्र सोडून माझ्या हातात ठेवलं. इतकी वर्षं मला अगंतुगं करणारी ती म्हातारी म्हणाली, "मॅडम, हे तुमचं. आता तुमीच मोजा."