खंडेनवमीची पुसापुशी

साठीतल्या अल्लड वयात मी एका लढाऊ विमानाचं पोट पदरानं पुसलं. आमचे वर्तकनगरचे शेजारी त्या जुन्या विमानाचे मेकॅनिक. त्याला लाडानं 'म्हातारी' म्हणतात आणि लोकांना उडवून दाखवायचं म्हणून वर्षभर खपतात. कुणाचा मिक्सर बिघडला तरी आधी त्याला कान लावतात, मग माणसांशी बोलतात.

खंडेनवमीला विमानाची पूजा करायला मी हौसेनं गेले. बघते तर पोटावर तेलाचे ओघळ! शी! सगळं लख्ख केलं. शेजाऱ्यांनी वाकून पाहिलं आणि विमानात चढलेल्या वैमानिकाला खाली उतरवलं. उड्डाण बघायला जमलेली गर्दी हिरमुसली. शेजारी माझ्यावर रागावलेत की काय, मला कळेना; पेढा तर मागून घेतला. मग म्हणाले,

"वहिनी, तेल रोजच्याच जागी गळतंय ना, ते मी ओघळांवरून बघतो. इतक्या स्वच्छ म्हातारीची मला भीती वाटते."