विरहासाठी दत्तोबांची रवानगी

पिंपळीच्या तुळसाबाई दळणाच्या डब्यांवर खडूनं नावं घालतात आणि उरलेल्या खडूनं आपल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर कविता लिहितात. आतापर्यंत चाळीसेक झाल्या. त्या वाचल्याशिवाय बाई पीठ देत नाहीत, असं गावात बोललं जातं. बाईंनीही ते कधी खोडून काढलेलं नाही.

बाई ‘काव्यपालवी’ या व्हॉट्सअॅप ग्रुपात आहेत. इंदापूरचे निवृत्त मुख्याध्यापक नागेश सर तिथं दर रविवारी पाच शब्द टाकतात. पाचही शब्द घेऊन बुधवारी संध्याकाळपर्यंत कविता पाठवायची. एरवी बक्षीस म्हणजे सरांचा अंगठा. या खेपेला मात्र निवडलेल्या पाच जणांना बारामतीत स्टेजवर, माइकसमोर कविता वाचायला मिळणार होती. बाईंना माइक हवा होता. आयुष्यभर गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलल्या. एकदा हळू बोलून सगळ्यांना ऐकू जावं, एवढीच हौस.

शब्द आले: मोगरा, पैंजण, उंबरठा, चांदणं, विरह.

खाली सरांची तंबी: “अनुभवातून लिहा.” ही बाईंनाच होती. मागं त्यांनी उजनी धरणाचं पाणी बघून समुद्र लिहिला होता आणि सरांनी तो पकडला होता.

चार शब्दांचं काही नाही. विरह कुठून आणायचा? नवरा, दत्तोबा, एकतीस वर्षांत एक रात्र बाहेर राहिला नव्हता. दिवसभर गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचा.

बाईंनी पिशवी भरून त्याच्यासमोर ठेवली. “नरसिंहपूरला वन्संकडं जावा. बुधवारी या.”

“मी काय केलं?”

“काय न्हाय केलं. कवितेला विरह पायजे.”

“मग बाजारातनं आणून देतो की.”

“उठा!”

सोमवारी सकाळी दत्तोबा गेला. बाई विरहाची वाट बघत बसल्या. दुपारपर्यंत त्याचेच चार फोन आले.

“आला का गं?”

“कोण?”

“विरह.”

“तुमी फोन करत बसल्यावर त्यो यील कसा? ठेवा!”

मग फोन थांबले. मंगळवारी बाईंना दुपारी दीड तास झोप लागली. चहा एकदाच करावा लागला. टीव्हीवर स्वतःच्या आवडीचं लागलं. छातीवर हात ठेवून बघितलं, आत सगळं निवांत. बुधवारी पाच वाजले तरी विरहाचा पत्ता नाही. शेजारची कौसल्या म्हणाली, “लिवा की खोटंच! सगळ्याच लिवत्यात.”

बाईंचा खडू थबकला. माइक तर हवा होता. पण भिंतीवर खोटं लिहिलं तर रोज दळताना तेच समोर. शेवटी खरं तेच लिहिलं आणि फोटो काढून पाठवला:

मोगरा दारी न्हाय माझ्या, पैंजण मोडीत घातलं,
उंबरठ्यावर पीठ सांडलं, चांदणं म्हणून झाडलं.
विरह यील म्हणून बसले, च्या एकटीनं केला,
गोड एवढा च्या, बाई, कधीच न्हवता झाला.

सरांचा फोन आला. “तुळसाबाई, यात विरहाचा शब्द आहे, भाव नाही.”

“तीन दिस बसले, सर. न्हाय आला. आता माझा काय विलाज?”

सर बराच वेळ खोकले. ते हसू होतं, हे बाईंना यादीत नाव बघून कळलं.

बारामतीत दत्तोबा तिसऱ्या रांगेत, नवी टोपी घालून. भिंत वाचायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं कविता त्याला ठाऊकच नव्हती. चौथ्या ओळीआधी बाईंची नजर त्याच्यावर पडली. पण वाचली. हळूच वाचली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेली. सभागृह खदखदून हसलं.

दत्तोबा उठून उभा राहिला. पडलं का तोंड? छे!

“माझाबी च्या नरसिंहपुरात लय गोड झाला!”

पुन्हा हशा. बाई मात्र हसल्या नाहीत. छातीत, डाव्या बाजूला, काहीतरी बारीकसं टोचलं.

“कुणी करून दिला?” त्यांनी विचारलं. माइक चालूच होता.

“बहिणीनं!”

“वन्संच्या घरात च्याच करत न्हाईत!”

प्रत्येक कवीला दोन मिनिटं होती. घंटा सूत्रसंचालन करणाऱ्या सुप्रियाच्या हातात होती. तिनं ती अलगद टेबलाखाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.