बोहारणीच्या गाठोड्यातलं जाकीट

बोहारणीला जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात ती एकदाच उलटी झाली, आणि तिला कारण मी.

नाशिक रोडला आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे बोहारीण थेट पायरीवर येऊन बसते. त्या दिवशी सासूबाईंनी तासभर हुज्जत घालून सहा साड्यांवर स्टीलची मोठी परात मिळवली होती. बोहारीण गाठोडं बांधायला लागली आणि मला त्यातून एक बाही दिसली. मरून रंगाची, चकचकीत. ओढली तर अख्खं जाकीट बाहेर आलं. लेदरचं नाही, लेदरसारखं. पण कॉलर होती, तिरकी चेन होती, मनगटाशी बटणं होती. मी शेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई, पायरीवर उभ्या उभ्या वेडी झाले.

असं जाकीट मला कॉलेजात असल्यापासून हवं होतं. तेव्हा घरी मागायची छाती नव्हती. आता तर निमित्तही होतं. माझी शाळा निफाडच्या वाटेवर आहे, आणि डिसेंबरात सकाळी स्कूटरवर शाल, स्वेटर, मफलर सगळं घालूनही माझे दात वाजत असतात. बोहारणीने माझं तोंड पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. परात परत द्या आणि घेऊन जा, म्हणाली. मी सासूबाईंकडे चौथीतल्या पोरीसारखी बघितलं. आता मोठं भाषण ऐकावं लागणार असं मला वाटलं होतं, पण त्यांनी लगेच परात उचलून बोहारणीच्या मांडीवर ठेवली. मी तर त्यांना मिठीच मारली.

जाकीट एखाद्या पैलवानाचं असावं. माझ्यासारखी बाई आत उभी राहून वर एक पाहुणी मावली असती. मी करते बेताचं, सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवलेत. त्यांचा नियम ठरलेला: आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई, आणि आत दोन बोटं जास्तीचं कापड राखायचंच. बाई आज आहे तेवढीच पुढच्या वर्षी राहत नाही, असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या.

खिशाच्या आतल्या बाजूला त्यांनी चार टाके घालून पाहिले आणि उसवले. भोकं तशीच. नखाने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, भोकं जागची हलेनात. "याला एकदा टोचलं की टोचलं," त्या म्हणाल्या. म्हणजे कच्चा टाका नाही, टाचण्या नाहीत, चुकायची सोय नाही. मग त्यांनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणले आणि जाकीट माझ्या अंगावरच दोन्ही बाजूंनी चिमटे लावून आवळलं. आरशात मी वाळत घातल्यासारखी दिसत होते. आम्ही दोघी इतक्या हसलो की तीन चिमटे निसटले आणि एक कपाटाखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

मशीन काही चालेना. कापड दाबून धरणारी वरची पट्टी त्या चिकट कापडाला चिकटून बसायची आणि सुई एकाच जागी नाचायची. बर्फीच्या खोक्यातला बटर पेपर खाली-वर लावला, तेव्हा कुठे ते सरकायला लागलं. बाहीच्या वळणावर पुन्हा अडलं. पावडर टाक, त्या म्हणाल्या. मी उत्साहात अर्धा डबा उपडा केला. पंख्याने ती पावडर घरभर केली, आणि दार वाजवून विरजण मागायला आलेली शेजारीण आम्हाला बघून न मागताच परत गेली.

पुढे त्यांनी मला जाकीट घालून बघू दिलं नाही. सारखं घालून काढून ते ताणतं म्हणे. मशीनच्या ड्रॉवरमधून त्यांनी मापाचा ब्लाउज काढला, मोहरी रंगाचा, आणि त्यावरून खडूच्या खुणा केल्या. मी वह्या तपासत होते. मध्येच मान वर केली तर त्या स्वतःच जाकीट घालून आरशासमोर उभ्या होत्या. बाही कशी पडते ते बघतेय, म्हणाल्या. बराच वेळ बघत होत्या. कामाची केवढी काळजी, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी जाकीट हातात आलं. मी घातलं आणि चेन ओढली. दोन्ही टोकांत वीतभर अंतर. हँडल धरल्यासारखे हात पुढे केले तर काखेत करकरलं. मला चक्क रडू यायला लागलं. उसवून बघू, मी म्हटलं.

"कसं उसवणार? भोकं राहतील ना," त्या म्हणाल्या.

आत बघितलं तर जास्तीचं कापड शिलाईलगत कापून टाकलेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या इतक्या पडेल चेहऱ्याने बसल्या होत्या की उलट मीच त्यांची समजूत काढली. वाया जाण्यापेक्षा तुम्ही घाला, म्हटलं. या वयात कुठे, लोक काय म्हणतील, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांचा एक हात बाहीत गेलेला होता.

पाचवारी साडीवर ते जाकीट असं बसलं की काय सांगू. पदर आत खोचला, चेन गळ्यापर्यंत ओढली. वारा छातीत बसतो म्हणून तीन वर्षं माझ्या स्कूटरवर न बसलेल्या बाई म्हणाल्या, चल, गंगेवर, गोदेच्या काठी, बुधवारचा बाजार आहे, भाजी आणू. सिग्नलला सगळे वळून बघत होते. सासूबाईंनी कॉलर उभी केली. पूल ओलांडताना मागून आवाज आला, "भारी शे." त्यांचं माहेर नामपूर, आणि तिकडची अहिराणी त्या फार खूश असल्या तरच बोलतात. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी घेतली.

घरी आल्यावर खडू ठेवायला मशीनचा ड्रॉवर उघडला. माझा मापाचा ब्लाउज जांभळा आहे. तो तळाशी होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. वर मोहरी रंगाचा होता. मोहरी रंगाचा ब्लाउज मी जन्मात शिवलेला नाही.

त्या जाकीट न काढताच मेथी निवडत बसल्या होत्या. मला राग यायला हवा होता, पण हसूच आवरेना. परात देताना त्यांनी मागेपुढे का पाहिलं नव्हतं, ते आता कळलं.

"आई, पुढच्या वेळी माझ्यासाठीही एक बघू," मी म्हटलं.

"बघू की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पण परात तुझी."