भावाच्या प्रोग्रॅममधल्या चांदण्या

माझा धाकटा भाऊ चंद्रपूरला आमच्याकडेच राहायचा. नागपुरात शिकून तो एका कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तात्पुरता लागला होता. तिथलं छापायचं यंत्र मधूनच वेडंवाकडं छापायचं. साहेब म्हणत, यंत्र खराब आहे, मुंबईला परत पाठवू. भाऊ म्हणाला, यंत्र चांगलं आहे, ते चालवणारा प्रोग्रॅम चुकला आहे. त्याला ड्रायव्हर म्हणतात म्हणे. "सोमवारी दाखव," साहेबांनी बजावलं. नाही दाखवता आलं तर नोकरी पक्की होण्याची आशा नव्हती.

रविवारी त्याने तो प्रोग्रॅम छापलेला, काठाला भोकं असलेला लांबच लांब कागद आमच्या जमिनीवर पसरला. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळेना. त्याने एक खूण दाखवली: कंस, आत एक शब्द आणि चांदणी.

"बाई, याले कास्ट म्हणतात. समज, पोत्यात जवस आहे अन् वर चिठ्ठी लावली धानाची. कॉम्प्युटरची मशीन कुरकुर करते, पण चिठ्ठी पाह्यली का गप बसते."

"मंग चिठ्ठी लावलीच काऊन?"

"आधीच्या माणसाले कटकट नको होती. फालतू चिठ्ठ्या काढल्या का खरी चूक मशीन सोताच सांगन."

मी चांदण्या शोधायच्या, कोणती काढायची ते त्याने ठरवायचं. पण ऑफिसच्या कागदावर पेन्सिल टेकवायला माझा हात धजेना. तांदूळ निवडत होतेच. सुपातला एकेक दाणा प्रत्येक चांदणीवर ठेवत गेले. निम्मा कागद झाला. भाऊ आंघोळीला गेला, मी भात पाहायला उठले, तेवढ्यात शेजारची कोंबडी आत शिरली. परत येते तर सगळे दाणे तिने टिपलेले, कागदालाही दोन-चार टोचे पाडलेले.

मला रडू आलं. भाऊ ओल्या अंगाने दारात उभा राहून हसायला लागला.

"हिनं तं माह्याआधीच साफ केलं, बाई."

"हासू नको. तुझी नोकरी जाईन."

"गेली तं कोंबडी कापू. घे पेन्सिल."

मग घेतली. या वेळी आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी चांदणीवर बोट ठेवायची, तो "काढ" नाहीतर "राहू दे" म्हणायचा. काही चिठ्ठ्या लागतातच, असं त्याने समजावलं. यंत्राचा पत्ता म्हणजे नुसता आकडा, चिठ्ठीशिवाय तो पत्ता आहे हे कळत नाही. लहानपणानंतर इतका वेळ तो माझ्याजवळ कधी बसला नव्हता. काम लवकर संपावं असं वाटत होतं, आणि संपू नये असंही.

सोमवारी संध्याकाळी तो सायकल भिंतीला टाकूनच आत आला. कॉम्प्युटरवर तशाच चिठ्ठ्या काढल्यावर मशीनने एकाच ओळीवर कुरकुर केली होती. तिथे एका अक्षराच्या जागेत मोठा आकडा भरला जात होता आणि शेजारचं पुसलं जात होतं. ती ओळ सुधारली, तेव्हापासून यंत्र नीट छापत होतं. नोकरीचं विचारायला मला धीर होईना. माझ्या तोंडाकडे पाहून तोच म्हणाला, "पक्की करतो म्हणाले साहेब."

मी ताट घेतलं आणि त्याला गरम भात वाढला, एरवीपेक्षा जास्तच.