हातात डाळिंब घेतलेली मुलगी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकत असेल, शाळा चौथीतच सुटली, तेव्हा सांभाळून घ्यावं. आज डाळिंब सोलताना बोटं लाल झाली आणि ऑकलंडमधलं ते चित्र डोळ्यांपुढे आलं. लेकीचं लग्न मोडलं होतं आणि तिला कायमची घरी आणायचं ठरवूनच मी तिच्याकडे न्यूझीलंडला गेले होते, पण विषय काढायला धीर होत नव्हता. सुट्टीच्या दिवशी ती मला तिथल्या संग्रहालयात जुनी चित्रं दाखवायला घेऊन गेली. आत गारवा होता आणि लाकडी जमिनीवर आमच्याच पावलांचा आवाज येत होता. एका चित्रात पांढऱ्या वस्त्रातली मुलगी अंधारात उभी होती, हातात फोडलेलं डाळिंब, आणि वरून उजेडाची बारीक तिरीप. "हिची ओटी भरलीय," मी म्हणाले आणि जीभ चावली. लेक हसली. "तुला सगळीकडे ओटीच दिसते गं आई. ही ग्रीक लोकांची गोष्ट आहे. हिला पाताळात पळवून नेलं, तिथल्या डाळिंबाचे दाणे हिने खाल्ले, म्हणून आता कायमचं माहेरी जाता येत नाही. डाळिंब म्हणजे तिथलं बंधन." "आणि तिची आई?" "ती पिकांची देवी. रागावली. सगळी शेतं सुकवून टाकली." "पोरीला तिथे करमतं का, ते नाही विचारलं?" लेक चित्राकडेच बघत राहिली. त्या तिरिपेत धुळीचे कण सावकाश तरंगत आहेत, असं मला वाटत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला इथे करमतं, आई." मी तिचा हात धरला आणि आम्ही पुढच्या चित्राकडे गेलो. आता फोनवर मी तिला परत ये म्हणत नाही, भेटायला कधी येतेस एवढंच विचारते.